डेंगळ्यांसाठीच लावलेला कांदा: शोभेच्या ॲलियमचं एक वर्ष

नाशिककडच्या कांदा उत्पादकाला रब्बीच्या रानात डेंगळे, म्हणजे फुलाचे दांडे, दिसले की धडकी भरते. दांडा निघाला की कांदा पोसत नाही, पोटात जाड दांडका राहतो आणि चाळीत माल टिकत नाही. शोभेच्या ॲलियममध्ये मात्र सगळी मेहनत त्या दांड्यासाठी आणि त्यावरच्या गोंड्यासाठीच असते. कूळ तेच, कांदा-लसणाचं. पान चुरडलं तर वासही तोच येतो. आम्ही हे कंद इंग्लंडच्या मिडलंड्स भागात, भारी चिकण जमिनीत लावतो. पुढचं सगळं याच जमिनीतलं आणि याच हवेतलं आहे.

मोठ्या गोंड्यांची बहुतेक ॲलियम मध्य आशिया, इराण, तुर्कस्तान या पट्ट्यातली. तिथे हिवाळ्यात जमीन गोठते, वसंतात थोडे दिवस ओल मिळते आणि उन्हाळ्यात डोंगरउतार भाजून निघतो. कंदाचं सगळं वेळापत्रक त्यावर बसलेलं आहे. इंग्लंडचा हिवाळा त्यांना मुळीच कडक वाटत नाही. इथे ॲलियम मरतं ते थंडीनं नाही, तर कंद झोपलेला असताना मुरणाऱ्या ओलीनं. आणि पुढच्या वर्षीचा गोंडा किती मोठा येणार हे यंदाच्या एप्रिल-मेमधली पानं ठरवतात. या दोन गोष्टी सांभाळल्या तर बाकीचं काम सोपं आहे.

कामाला सुरुवात ऑगस्टमध्ये, खरेदीच्या यादीपासून होते. कंद घेराप्रमाणे विकले जातात. पाकिटावर १२/१४ लिहिलं असेल तर घेर १२ ते १४ सेंटीमीटर, म्हणजे कंदाची रुंदी साधारण ४ सेंटीमीटर. 'पर्पल सेन्सेशन' या जातीसाठी हा आकार चांगला. 'ग्लोबमास्टर' किंवा जायगँटियम घ्यायचं तर घेर २० च्या वर हवा. स्फेरोसेफलॉनचे कंद मुळातच बारीक, ५ किंवा ६ घेराचे, आणि तेवढेच पुरतात. मोठ्या जातींचे कमी घेराचे कंद सवलतीत मिळतात, पण ते पहिल्या वर्षी बहुधा नुसती पानं देतात. एक मोठा 'ग्लोबमास्टर' घ्यायचा की त्याच पैशात पन्नास स्फेरोसेफलॉन, असा प्रश्न असेल तर लहान बागेत आम्ही पन्नास स्फेरोसेफलॉनच्या बाजूनं आहोत. ते गवतातून आणि इतर झाडांतून सहज वर येतात आणि जुलैमध्ये, म्हणजे मोठी ॲलियम संपल्यावर, फुलतात.

जाती निवडताना उंचीपेक्षा फुलण्याचा महिना बघावा. 'पर्पल सेन्सेशन' मेच्या मध्यावर येतं: पाऊण ते एक मीटर उंच, ८ ते १० सेंटीमीटरचा गडद जांभळा गोंडा. 'ग्लोबमास्टर' मेअखेर ते जून, गोंडा १५ ते २० सेंटीमीटर. त्याला बी धरत नाही, म्हणून फूल जास्त दिवस ताजं राहतं. क्रिस्टोफी जूनमधलं, उंची जेमतेम अर्धा मीटर, पण गोंडा २० सेंटीमीटरपर्यंत आणि प्रत्येक फूल टोकदार चांदणीचं, धातूची चमक असलेलं. आमच्या मते एकच जात लावायची असेल तर क्रिस्टोफी लावावी: वाऱ्यात पडत नाही, भारी जमिनीतही टिकते आणि वाळल्यावरही तितकीच देखणी राहते. जायगँटियम दीड मीटरच्या वर जातं, पण भारी जमिनीत दोन-तीन वर्षांत कमी कमी होत जातं. ते दरवर्षी नव्यानं आणायचं फूल समजून लावावं. शुबर्टीचा गोंडा ३० सेंटीमीटरच्याही पुढे पसरतो, लांब-आखूड देठांमुळे पेटलेल्या फुलबाजीसारखा दिसतो. त्याला उबदार, आडोशाची आणि कोरडी जागा लागते. कराताविएन्स हे बुटकं, रुंद निळसर राखाडी पानांचं, वाफ्याच्या कडेला किंवा कुंडीत. पिवळ्या फुलांचं मोली २५ सेंटीमीटर उंच आणि थोडी सावली सोसणारं. आकाशी निळा रंग हवा असेल तर सेरुलियम.

काही जाती आम्ही लावत नाही. ट्रिक्वेट्रम आणि पॅराडॉक्सम दिसायला नाजूक आहेत, पण त्यांचा फैलाव आवरत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये या दोन्ही जाती १९८१ च्या वन्यजीव आणि ग्रामीण भाग कायद्याच्या नवव्या अनुसूचीत आहेत, म्हणजे त्या बागेबाहेर मोकळ्या रानात लावणं किंवा पसरू देणं गुन्हा ठरतो. उपटलेले कंद ओढ्याकाठी टाकले तरी तो पसरवण्याचाच प्रकार. विनियालेची 'हेअर' नावाची हिरव्या केसांची जात कुतूहल म्हणून विकली जाते. तिच्या गोंड्यात फुलांऐवजी बारीक कंदिका धरतात आणि त्या गळून जागोजागी रुजतात. तीही नकोच.

कंद घरी आले की पाकीट लगेच उघडायचं. बोटानं दाबून बघायचं, विशेषतः बुडाची चकती, जिथून मुळं फुटतात. ती टणक असेल तर बाहेरच्या सालीवर थोडी निळसर बुरशी असली तरी बिघडत नाही, कोरड्या फडक्यानं पुसून टाकायची. चकती मऊ लागत असेल, तिथे तपकिरी डाग असेल किंवा आंबूस वास येत असेल तर तो कंद कुजायला लागलेला आहे. त्याला बुरशीनाशक लावून वाचवण्याचा प्रयत्न करू नये. कचऱ्यात टाकावा, कंपोस्टमध्ये नाही. चकतीभोवती मुळांचे पांढरे ठिपके दिसले तर कंद जागा झालाय, तो पुढच्या रविवारसाठी न ठेवता लगेच लावायचा.

आता जमीन. इथेच सर्वात जास्त चुकीचे सल्ले मिळतात. भारी मातीत खड्डा करून तळाला मूठभर वाळू किंवा खडी घालायची आणि त्यावर कंद ठेवायचा, असं जिथे तिथे लिहिलेलं असतं. भोवतालची माती चिकण असेल तर तो खड्डा म्हणजे पाणी साठण्याचं भांडंच होतं: आजूबाजूचं पाणी सच्छिद्र जागेत झिरपून येतं आणि बाहेर जायला वाट नसते. कंद नेमका त्यात बसतो. निचरा करायचा तर पूर्ण वाफ्याचा करायला हवा. वाफा सभोवतालच्या जमिनीपेक्षा १५ सेंटीमीटर उंच उचलायचा. वरच्या ३० सेंटीमीटर थरात दर चौरस मीटरला मोठ्या दोन बादल्या ४ ते ६ मिलिमीटरची धुतलेली खडी आणि एक बादली कुजलेला पालापाचोळा मिसळायचा. बारीक बांधकामाची वाळू नको, ती चिकणमातीत मिसळली की जमीन आणखी घट्ट बसते. शेणखत किंवा घोड्याची लीद ताजी असेल तर तीही नको. नत्र जास्त झालं की पानं लुसलुशीत वाढतात आणि रोगाला बळी पडतात.

खणायचं ते वाफसा असताना. मूठभर माती दाबून बघावी: गोळा होऊन टिचकीनं फुटली तर वाफसा आहे, बोटांना लोण्यासारखी माखली तर दोन-तीन कोरडे दिवस थांबावं. ओल्या चिकणमातीत फावडं घातलं तर खड्ड्याच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात आणि मुळं त्यातून पार होत नाहीत. बल्ब प्लँटर नावाचं नळकांडं भारी जमिनीत हेच करतं, शिवाय त्याच्या साधारण ६ सेंटीमीटरच्या तोंडात 'ग्लोबमास्टर'चा कंद मावत नाही. आम्ही फावड्यानं रुंद खड्डा घेतो आणि एकाच खड्ड्यात पाच-सात कंद मांडतो. खालची माती बागेच्या दातेरी काट्यानं भुसभुशीत करून घेतो.

लागवड सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. ट्यूलिप नोव्हेंबरपर्यंत थांबवतात, कारण थंड मातीत त्यांच्यावरच्या बुरशीचा जोर कमी असतो. ॲलियमला मात्र मुळं धरायला थोडी ऊब लागते, म्हणून त्यांचा नंबर आधी. नोव्हेंबरात लावली तरी येतात. डिसेंबरात लावली तर दांडे आखूड राहतात.

खोली मोजायची ती कंदाच्या उंचीवरून: खड्ड्याचा तळ उंचीच्या तिप्पट ते चौपट खोल. मोठ्या कंदांना हे २० सेंटीमीटर किंवा थोडं जास्तच येतं, 'पर्पल सेन्सेशन'ला १५, स्फेरोसेफलॉन आणि मोलीला ८ ते १०. वर लावलेला कंद जूनच्या वाऱ्यात दांड्यासकट कलतो, शिवाय उन्हाळ्यात इतर झाडं लावताना नेमका खुरप्याखाली येतो. अंतर मोठ्या जातींना २५ ते ३० सेंटीमीटर, मधल्यांना १५, बारीक जातींना ८ ते १०. सरळ रांगेत ॲलियम खांबासारखी ओळीनं उभी दिसतात. कंद मुठीत घेऊन वाफ्यावर हलकेच टाकावेत आणि फार जवळ पडलेले तेवढे सरकवावेत. टोक वर, चकती खाली. बारीक कंदात टोक कळत नसेल तर आडवा ठेवला तरी अंकुर वळून वर येतो. माती लोटून हातानं दाबायची, पायानं तुडवायची नाही. ऑक्टोबर कोरडा गेला तर एकदा भरपूर पाणी. नंतर हिवाळाभर एक थेंबही लागत नाही.

खड्डा बुजवल्यावर लगेच खूण करावी. बांबूची काडी रोवून तिच्यावर जातीचं नाव आणि कंदांची संख्या लिहिली तर मार्चमध्ये किती उगवले आणि किती गेले हे कळतं. खारी ट्यूलिपचे आणि क्रोकसचे कंद उकरून नेतात. ॲलियमच्या वासामुळे त्या, ससे आणि हरणंसुद्धा सहसा त्यांना तोंड लावत नाहीत. ज्या बागेत बाकीचं काही टिकत नाही तिथे ॲलियम लावण्याचं हे मोठं कारण आहे.

थंडी नसेल तर फूल नाही, हे पक्कं. मोठ्या गोंड्यांच्या जातींमध्ये दांडा लांब व्हायला तीन-चार महिन्यांचा गारवा लागतो. जमिनीत कंद मुळं वाढवत असतो आणि जानेवारी-फेब्रुवारीत पानांची टोकं मातीतून डोकावतात. त्यावर बर्फ पडो, दव गोठो, काळजी नको. टोकं थोडी पिवळी पडतात तेवढंच. झाकण्याची गरज फक्त शुबर्टीला, तीही फार ओलसर हिवाळ्यात: वर काचेचा किंवा प्लॅस्टिकचा तुकडा विटांवर टेकवून ठेवायचा, म्हणजे पाऊस अडतो आणि हवा खेळते.

मार्चमध्ये पानं वितभर झाली की दर चौरस मीटरला साधारण २० ग्रॅम सल्फेट ऑफ पोटॅश मातीवर भुरभुरवायचं आणि वरवर खुरपून घ्यायचं. पालाश, म्हणजे पोटॅश, कंद पोसतं. एप्रिलमध्ये दोन आठवड्यांच्या अंतरानं दोनदा टोमॅटोचं द्रवखत, बाटलीवरच्या प्रमाणात, पाण्यातून. याच्यापुढे खत नको. एप्रिल कोरडा असेल तर पाणी मात्र द्यायलाच हवं, आठवड्याला एकदा, मातीत खोल मुरेल असं. हाच तेवढा काळ आहे जेव्हा ॲलियमला पाणी हवं असतं, आणि 'ॲलियमला कोरडं आवडतं' हे वाचून लोक याच काळात ते तोडतात. पानं तहानलेली राहिली की दांडा आखूड, गोंडा लहान आणि कंद मागच्यापेक्षा हलका.

मार्च-एप्रिल हा बिनशंखाच्या गोगलगायींचाही काळ. रात्री टॉर्च घेऊन पानांच्या बुडाशी, दोन पानांच्या बेचक्यात बघायचं. तिथे ओल साचते आणि दिवसाही त्या तिथेच लपून असतात. हातानं वेचणं हाच खात्रीचा उपाय. अंड्यांच्या टरफलांचा कडा पावसात उपयोगी पडत नाही.

रोग-किडींमध्ये नावं घरचीच आहेत. तांबेरा: पानांवर नारिंगी पुरळ, दमट वसंतात. फुलाला सहसा धक्का लागत नाही, फार माखलेलं पान काढून टाकावं. केवडा: पानावर राखाडी-जांभळट लव आणि मग पान मोडून पडतं. गर्दी कमी करणं आणि वरून पाणी न देणं एवढंच हातात असतं. नागअळी ब्रिटनमध्ये २००२ मध्ये पहिल्यांदा आढळली आणि आता बऱ्याच भागांत पसरली आहे. माशी मार्च-एप्रिलमध्ये पानावर एका रेषेत पांढरे ठिपके पाडते, मग पानं पिळवटून वाकडी होतात, अळ्या खाली कंदाकडे पोखरत जातात आणि तिथेच बारीक तपकिरी कोश सापडतात. भाजीच्या वाफ्यात बारीक जाळी घालून कांदा वाचवता येतो. फुलांच्या वाफ्यावर जाळी घालण्यात अर्थ नाही. ठिपके दिसल्या दिवशी ते पान तोडून नष्ट करावं.

सगळ्यात वाईट म्हणजे पांढरी कुज. पानं अवेळी पिवळी पडतात, झाड ओढलं तर अलगद हातात येतं, कंदाच्या बुडाला पांढरी कापसाळ बुरशी आणि तिच्यात मोहरीहून बारीक काळे दाणे. ते दाणे मातीत १५ ते २० वर्षं जिवंत राहू शकतात. घरगुती बागेसाठी औषध नाही. बाधित झाड भोवतालच्या मातीसकट उचलून कचऱ्यात द्यायचं, हत्यारं आणि बूट धुवायचे, आणि त्या जागी पुन्हा ॲलियम, कांदा, लसूण, लीक काहीही लावायचं नाही. म्हणूनच शोभेची ॲलियम भाजीच्या कांदा-लसणापासून लांब ठेवावीत. एकाचा रोग दुसऱ्याला लागतो आणि दोन्ही बाजूंचं नुकसान होतं.

मे महिन्यात ज्याची वाट बघायची ते जवळून बघण्यासारखं असतं. दांड्याच्या टोकावरची कळी एका कागदी पापुद्र्यात बंद असते, टोकाला जराशी चोच. पापुद्रा एका बाजूनं फाटतो आणि आतून हिरवट जांभळ्या कळ्यांची घट्ट चेंडूएवढी गर्दी बाहेर येते. त्या वेळी गोंडा अगदीच लहान वाटतो. नंतर प्रत्येक कळीचं देठ लांबत जातं, गोंडा फुगत जातो आणि फुलं एकेक उमलू लागतात. प्रत्येकाला सहा पाकळ्या, मधे हिरवा बीजकोष आणि त्यावर मधाचे चकाकणारे थेंब. उन्हाच्या वेळी एकेका गोंड्यावर चार-चार गुबगुबीत भुंगे बसलेले असतात.

नेमक्या याच वेळी खाली पानं पिवळी पडून टोकांकडून वाळत असतात. मोठ्या ॲलियमचा हा स्वभाव आहे, रोग नव्हे. बागेत पाहुणे येणार म्हणून पानं कापली जातात आणि पुढच्या वर्षी दांडे का आले नाहीत याचा शोध सुरू होतो. पान जोवर हिरवं आहे तोवर ते कंदात साठा भरतंय. पूर्ण पिवळं होऊन ओढल्यावर अलगद सुटेल तेव्हाच काढावं. पानांना गाठी मारणं, रबर लावणं हेही नको, ऊन अडतं.

पानं कापायची नसतील तर झाकावीत, आणि त्यासाठी सोबतीण निवडताना ती केव्हा वाढते ते बघावं. मार्चमध्येच दाट होणारं झुडूप ॲलियमच्या पानांवर सावली धरतं आणि कंद उपाशी राहतो. एप्रिलअखेर उठणारी झाडं हवीत: बहुवार्षिक जिरेनियम, अल्केमिला, नेपेटा. ती मेच्या मध्यावर गुडघ्याएवढी होतात, नेमकी तेव्हाच पानं वाळायला लागलेली असतात. निळसर नेपेटातून वर आलेले जांभळे गोंडे ही आमची सर्वात आवडती जोडी. स्फेरोसेफलॉनला स्टिपासारखं बारीक, हलणारं गवत शोभतं. सोबतिणींना उन्हाळ्यात भरपूर पाणी लागत असेल तर मात्र ती जोडी जुळत नाही, कितीही सुंदर दिसली तरी.

फूल उतरल्यावर दांडा ठेवायचा की कापायचा? दांडाही हिरवा असेपर्यंत कंदाला हातभार लावतो, म्हणून तो तोडू नये. 'पर्पल सेन्सेशन'चे बीजकोष हिरवे असतानाच फक्त गोंडा खुडावा. तसं केलं नाही तर काळं, टोकेरी बी पडतं आणि पुढच्या वसंतात गवतासारखी शेकडो रोपं उगवतात. ती मातृझाडासारखी निघत नाहीत, रंग फिका पडत जातो. काही वर्षांत वाफ्यात सगळीकडे फिकट जांभळं आणि मूळ गडद रंग हरवलेला, असं होतं. 'ग्लोबमास्टर'ला हा प्रश्नच नाही, त्याचे गोंडे हिवाळ्यापर्यंत उभे ठेवावेत.

वाळवण्यासाठी क्रिस्टोफी आणि शुबर्टी उत्तम. रंग उतरून देठं पेंढ्याच्या रंगाची होऊ लागली की कोरड्या दिवशी दांडा बुडाशी कापायचा आणि सावलीत, हवेशीर जागी उलटा टांगायचा. पावसात भिजलेला गोंडा काळा पडतो. शुबर्टी एकेकटं टांगावं. दोन गोंडे एकमेकांत अडकले की सोडवताना हमखास मोडतात.

जून संपला की वाफ्याचं पाणी बंद. आपोआप फिरणारे फवारे असतील तर ॲलियमचा पट्टा त्यांतून वगळावा. इथला जुलै-ऑगस्ट ओला गेला आणि जमीन भारी असली तर कंद काढून ठेवणं शहाणपणाचं, विशेषतः जायगँटियम आणि शुबर्टी. पानं पूर्ण वाळल्यावर काट्यानं लांबून उचलायचे, माती झटकायची, धुवायचे नाहीत. सावलीत आठवडाभर सुकवून जाळीच्या पिशवीत किंवा कागदी पाकिटात, हवेशीर खोलीत ठेवायचे. फ्रिज नको, प्लॅस्टिकची पिशवी तर नकोच.

बाकीच्या जाती तीन-चार वर्षांनी उचलाव्यात. 'पर्पल सेन्सेशन'चा एक कंद तोवर दाटीवाटीचा पुंजका झालेला असतो: भरपूर पानं, दोनच गोंडे, तेही लहान. मोठे कंद वेगळे करून नव्या जागी, बोराएवढी पिल्लं एखाद्या बाजूच्या ओळीत पोसायला. ती फुलायला दोन वर्षं घेतात.

बियांपासूनही करता येतं, धीर असेल तर. ताजं बी शरद ऋतूत, कुंडीत खडी मिसळलेल्या मातीत पेरून वर खडीचा पातळ थर द्यायचा आणि कुंडी हिवाळाभर उघड्यावर ठेवायची, म्हणजे बियांना गारवा मिळतो. वसंतात कांद्याच्या रोपासारखं दुमडलेलं एकच पान वर येतं. रोपं पहिल्या वर्षी विरळ करू नयेत, उन्हाळ्यात पानं गेल्यावर कुंडी कोरडीच राहू द्यावी. फूल तीन ते पाच वर्षांनी. क्रिस्टोफी यातल्या त्यात लवकर फुलतं.

कुंडीत लावायचं तर किमान ३० सेंटीमीटर खोल आणि तेवढीच रुंद. दोन भाग कंपोस्ट, एक भाग खडी. कुंडीखाली विटेचे तुकडे देऊन ती उचलून ठेवावी, नाहीतर हिवाळ्यात तळ सतत पाण्यात राहतो. कुंडीतल्या कंदांना एप्रिल-मेमध्ये पाणी आणि द्रवखत नियमित लागतं. दुसऱ्या वर्षी फूल लहान येतंच, म्हणून पहिल्या फुलानंतर ते वाफ्यात हलवावेत.

ज्यांची जमीन कशानेच कोरडी होत नाही त्यांनी मोठ्या गोंड्यांचा नाद सोडून झुपक्यानं वाढणारी ॲलियम लावावीत. 'मिलेनियम' ही त्यातली सर्वांत भरवशाची. अमेरिकेतल्या पेरेनियल प्लँट असोसिएशननं तिला २०१८ चं वर्षाचं बहुवार्षिक झाड म्हणून निवडलं होतं. उंची फूटभर किंवा थोडी जास्त, जुलै-ऑगस्टमध्ये गुलाबी-जांभळे गोंडे, आणि पानं फुलं संपेपर्यंत हिरवीगार. ही कंदाच्या पाकिटात नाही, कुंडीतलं रोप म्हणून मिळते. उन्हाळी झोप नसते म्हणून थोडं पाणी चालतं. तीन-चार वर्षांनी वसंतात फावड्यानं झुपका दुभागायचा. दमट, अर्ध्या सावलीच्या जागेसाठी सिक्युलम: एक मीटरच्या दांड्यावर खाली लोंबणाऱ्या हिरवट-तांबूस घंटा, आणि बी धरल्यावर त्याच घंटा वर तोंड करून उभ्या राहतात. चुरडलेल्या पानांचा वास मात्र फार उग्र, पायवाटेच्या कडेला लावू नये.

घरात कुत्रं किंवा मांजर असेल तर एक खबरदारी. कांदा-लसणासारखीच ही सगळी झाडं त्यांना विषारी आहेत. रक्तातल्या लाल पेशी फुटतात. काढून ठेवलेले कंद आणि विरळणीत उपटलेली पिल्लं जमिनीवर पडू देऊ नयेत. कुत्र्याचं पिल्लू उकरण्याच्या वयात असेल तर लागवडीनंतर महिनाभर वाफ्यावर कोंबड्यांची जाळी आडवी अंथरून विटा ठेवाव्यात.

पुण्या-नाशिककडचे नातेवाईक इथले कंद मागतात, पण ते नेऊन उपयोग नाही. तिथल्या हिवाळ्यात या मोठ्या जातींना हवा तेवढा सलग गारवा मिळत नाही, म्हणून पानं येतात पण दांडा येत नाही; आणि ज्या महिन्यांत कंदाला कोरडं राहायचं असतं त्या महिन्यांत तिकडे पावसाळा असतो. तिथे दोन गोष्टी करता येतात. ट्युबरोझम, म्हणजे लसणाच्या वासाची चपट्या पातीची जात, कुंडीत छान वाढते, पांढरे सपाट झुपके देते आणि पात स्वयंपाकात चालते. बी पडू द्यायचं नाही एवढंच. दुसरी गोष्ट म्हणजे आपला कांदाच. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर मध्यम आकाराचे टणक रब्बी कांदे घ्यायचे. बीजोत्पादनात करतात तसा वरचा एक तृतीयांश भाग आडवा कापायचा, म्हणजे कोंब लवकर फुटतो. काप सुकला की १२ इंची कुंडीत तीन कांदे, वरचा भाग मातीच्या जेमतेम खाली. कुंडी पूर्ण उन्हात, पाणी माती वरून सुकल्यावरच. जानेवारी-फेब्रुवारीत कमरेएवढे दांडे आणि पांढरे गोल गोंडे येतात, मधमाश्या दिवसभर असतात. दांडे पोकळ असल्यानं वाऱ्यात मोडतात, म्हणून पापुद्रा फाटायच्या आधीच काडीचा आधार बांधावा.